चौकटीबाहेर आलेले नाना

मिल बंद झाली तेव्हा वाल्मिक तायडे चौतीस वर्षांचा होता आणि कापडाच्या घड्या घालण्यापलीकडे त्याला काहीही येत नव्हतं. हे त्याचं स्वतःचंच म्हणणं. फोल्डिंग खात्यात टेबलावरून सरकत येणारं कापड बघायचं, धागा तुटलेला दिसला की खडूची खूण करायची, थान संपलं की घडी घालून पुढे ढकलायचं, असं चौदा वर्षं चाललं. मग एके सकाळी भोंगा वाजला नाही. वाल्मिक डबा घेऊन फाटकापर्यंत गेला, फाटकावर चिकटवलेला कागद वाचला, तिथे जमलेल्या दीड-दोनशे माणसांबरोबर अर्धा तास नुसता उभा राहिला आणि घरी येऊन तोच डबा जेवला.

इंदूरमध्ये तेव्हा सगळंच नवं येत होतं. नव्या कंपन्यांचे टीव्ही, नव्या स्कूटरी, नव्या बाटल्यांतली शीतपेयं. फक्त मिलवाल्यांसाठी नवं काम कुठून येत नव्हतं. वाल्मिकने टेम्पोवर कंडक्टरी केली, दारोदार अगरबत्त्या विकल्या, लग्नांच्या वरातीत जनरेटरच्या हातगाडीमागे चालला. एका मे महिन्यात त्याने टीव्हीच्या शोरूमबाहेर अस्वलाचा पोशाख घालून पत्रकंही वाटली. घरी हे कोणाला, बायको इंदिरालाही, सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्याचे वडील, म्हणजे नाना, तिथून चालले होते. नाना महूच्या फौजेतून रिटायर झालेले, पाठ अजून ताठ. त्यांनी अस्वलाच्या हातातून पत्रक घेतलं, नीट वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "येताना साबण आण. इंदिरा सांगत होती, संपलाय."

वाल्मिकने घरी येऊन विचारलं, "ओळखलं कसं?"

"चालतोस कसा ते जन्मापासून बघतोय," नाना म्हणाले. विषय संपला.

एकोणीसशे नव्याण्णवमध्ये त्याला मल्हारगंजात गोपीनाथजींच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये चौकीदाराची नोकरी लागली. पापडांच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर एक खोली, खोलीत बारा मशिनी, एक एसी आणि काचेचं दार. आत जाताना जोडे बाहेर काढायचे असा कडक नियम, कारण धुळीने कॉम्प्युटरला व्हायरस होतो अशी गोपीनाथजींची पक्की समजूत. तेव्हा चौकीदारी म्हणजे मुख्यतः जोड्यांची राखण. वाल्मिक स्टुलावर बसून काचेतून फळा बघायचा, वेबसाइटची पानं बनवायचे कोड त्यावर लिहिलेले असत. ऐकू काही येत नसे, दिसायचं सगळं. दोन महिन्यांनी एका पोराने आतून बाहेर येऊन जोडे घालताना शिवी हासडली, "यार, टेबल बंदच होत नाहीये." वाल्मिक स्टुलावरूनच म्हणाला, "शेवटची तिरकी रेघ राहिली असेल, भिया." पोरगा आत गेला आणि दोन मिनिटांनी हसत बाहेर आला.

तेव्हापासून दुपारी जेवणाच्या सुटीत वाल्मिक खिडकीजवळच्या बाराव्या मशिनीवर बसू लागला. त्या मशिनीचा पडदा हिरवट झाला होता, म्हणून तिच्यावर कोणी बसत नसे. वर्ष-दोन वर्षांत तो पानं बनवू लागला. रुची मॅडम नव्या शिकवायला आल्या, चोविशीच्या, अन्नपूर्णा भागातल्या, आजोबांचे आजोबा होळकरांच्या दरबारात कारकून होते म्हणे. त्यांनी गोपीनाथजींना स्पष्टच सांगितलं, "सर, जोडे कोणीही राखेल. काकांना आत घ्या." दोन हजार चारमध्ये वाल्मिक तायडे आत गेला आणि बाहेरच्या स्टुलावर दुसरा माणूस आला.

ही बातमी वस्तीत पसरायला वेळ लागला नाही आणि भीमाबाईंच्या कानावर जायला तर अजिबातच लागला नाही, कारण त्यांचं घर वाल्मिकच्या घराला लागून होतं. मधली भिंत एवढी पातळ, की इकडे कोणी शिंकलं तर तिकडून "घोटभर पाणी पी" असं ऐकू यायचं. भीमाबाई बावीस वर्षं समाजाचं वधू-वर परिचय मंडळ एकट्याने चालवत होत्या. त्यांच्याकडे एक जाडजूड वही होती. ती त्या कोणाच्या हातात देत नसत, स्वतः वाचून दाखवत आणि नको तिथे पान उलटत.

"वाल्मिक," त्या एक दिवस दारात येऊन म्हणाल्या, "जमाना बदलला. खंडवा, बुऱ्हाणपूर, भोपाळ, सगळीकडचे लोक बोलतात की ऑनलाइन करा. तू करून टाक. भीमजयंतीला चालू झालं पाहिजे."

"काकू, दोनशे बारा नावं आहेत वहीत."

"म्हणून तर आत्ताच सांगायला आले ना. आणखी दोन महिने आहेत."

वाल्मिक कामाला लागला. मुलांचं एक पान, मुलींचं एक. प्रत्येक उमेदवाराची काळ्या रेघेची एक चौकट, चौकटीत डाव्या हाताला फोटो, फोटोच्या उजवीकडे माहिती. रुची मॅडम म्हणाल्या, "काका, टेबल घ्या, रकान्यांचा तक्ता, सोपं जातं." पण वाल्मिकने इंटरनेटवरून काढलेले कागद वाचले होते आणि त्यांत लिहिलं होतं की टेबलाने पान मांडणं आता जुनाट झालं. बरोब्बर वेळेवर जुनाट होण्याचा अनुभव त्याने एकदा घेतला होता, पुन्हा नको होता. त्याने फोटो फ्लोट केला. फ्लोट म्हणजे फोटो डावीकडे सरकतो आणि मजकूर त्याच्या शेजारून वाहतो. हिरवट पडद्यावर ते एकदम झकास दिसलं.

मुलांच्या पानावर सर्वांत वर त्याने एक नमुन्याची चौकट ठेवली. लोक फोटो कसलेही देत होते. कोणी गोगल लावून, कोणी दुसऱ्याच्या मोटरसायकलवर, एकाने तर सहलीतला अठरा जणांचा फोटो देऊन मागे लिहिलं होतं, "डावीकडून सहावा." म्हणून नमुना. आणि नमुन्याला वाल्मिकने नानांचा एकोणीसशे चोपन्नचा महूतला फोटो लावला. बावीस वर्षांचे नाना, वर्दी, तिरकी टोपी, पिळदार मिशी, नजर थेट समोर. शेजारी एकच ओळ: "फोटो असा द्यावा." भीमाबाईंनी बघून मान डोलावली. नाना त्या आठवड्यात तीनदा क्लासमध्ये येऊन, जोडे काढून, आत डोकावून गेले.

नमुन्याच्या खाली एक नंबरचा उमेदवार होता पंचशील इंगळे. वय चौतीस, टपाल खात्यात कायम, स्वभाव शांत. फोटो दिला नव्हता.

भीमजयंतीला साइट चालू झाली. आठच दिवसांत भीमाबाईंना खंडव्याहून फोन आला. धम्मदीना नावाची मुलगी, वय एकतीस, पाटबंधारे ऑफिसात नोकरी. फोनवर तिची आत्या.

"आम्हाला एक नंबरचा मुलगा पसंत आहे," आत्या म्हणाली. "मिशी छान आहे."

भीमाबाईंना पंचशीलला मिशी असल्याचं आठवेना. पण बावीस वर्षांच्या अनुभवाने त्या अशा वेळी नाही म्हणत नसत. "आहे ना, छानच आहे," त्या म्हणाल्या.

"फौजेत आहे का?"

"नाही हो, पोस्टात."

"मग वर्दी?"

"पोस्टाची असेल," भीमाबाई म्हणाल्या. "खाकीच असते ना त्यांची पण."

"टोपी फार रुबाबदार आहे पोस्टाची," आत्या म्हणाली, आणि रविवारी यायचं ठरलं.

रविवारी भीमाबाईंकडे सगळे जमले. इंदिराने शेजारून पोहे करून पाठवले, वर सेंव आणि जिरावण मसाला. काही तांत्रिक विचारलं तर उत्तर द्यायला म्हणून वाल्मिकही एका कोपऱ्यात बसला होता. धम्मदीना शांत बसली होती, उंच, हातात पर्स घट्ट धरलेली. पंचशील आला. चष्मा, अर्धं टक्कल, इस्त्रीचा पांढरा शर्ट. त्याने सगळ्यांना जयभीम घातला आणि खुर्चीच्या कडेवर टेकला.

आत्याने पर्समधून रंगीत प्रिंटआउट काढला. कागदाकडे बघितलं, पंचशीलकडे बघितलं, परत कागदाकडे.

"हे मोठे भाऊ का?" तिने विचारलं.

"मुलगाच आहे तो," भीमाबाई म्हणाल्या.

"मग हा कोण?" आत्याने कागद पुढे धरला.

वाल्मिकने मान लांब करून पाहिलं आणि त्याच्या हातातली बशी कलंडली. कागदावर नमुन्याची चौकट चेपून एका ओळीची झाली होती. त्या ओळीत "फोटो असा द्यावा" एवढंच मावलं होतं आणि नानांचा फोटो चौकटीच्या तळातून बाहेर लोंबकळून थेट पंचशीलच्या चौकटीत उतरला होता. शेजारी स्वच्छ अक्षरांत: वय चौतीस, टपाल खात्यात कायम.

नेमके त्याच वेळी नाना पेपर मागायला दारात आले. आत्याच्या हातातला कागद त्यांना दाराशीच दिसला.

"अरे, हा तर मी," नाना म्हणाले. ते आत आले आणि कागद हातात घेऊन खिडकीशी गेले. "चोपन्न सालचा. टोपी माझी नव्हती, कंपनीतल्या एकाची मागून आणली होती."

आत्याचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. "म्हणजे आम्ही खंडव्याहून या आजोबांना बघायला आलो?"

"मला बघायला आलात?" नानांनी अतिशय सभ्यपणे विचारलं. "बसा ना मग. दाढी करून आलो असतो."

तेवढ्यात एक आवाज आला. धम्मदीना हसत होती. आधी तिने पर्सचा कोपरा तोंडावर धरला, पण ते जमेना आणि ती मोकळी हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पंचशीलने पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. त्यालाही हसू आलं होतं, पण आत्याच्या धाकाने त्याने ते पोह्यांबरोबर गिळून टाकलं.

आत्या मात्र उठली. जाताना भीमाबाईंना म्हणाली, "वही होती तेच बरं होतं, बाई."

ते वाक्य भीमाबाईंनी वाल्मिकला त्या संध्याकाळी पातळ भिंतीतून चार वेळा ऐकवलं.

सोमवारी वाल्मिक क्लासमध्ये सर्वांत आधी पोचला. बाराव्या मशिनीवर पान उघडलं तर सगळं जागच्या जागी. नाना आपल्या चौकटीत, पंचशील आपल्या. दुसऱ्या मशिनीवर उघडलं, तिथेही ठीक. त्याला वाटलं आत्यानेच काहीतरी भानगड केली असावी. मग त्याला आठवलं, अकराव्या मशिनीवर कोणा पोराने नवा ब्राउझर टाकला होता, कोल्ह्याचं चित्र असलेला. त्याने त्यात पान उघडलं. नाना लोंबकळत होते. आणि एकटे नानाच नव्हते. ज्यांची माहिती थोडी त्या सगळ्यांचे फोटो आपापल्या चौकटींतून खाली घसरून शेजाऱ्यांच्या घरात घुसले होते. सदतिसाव्याच्या तोंडावर अडतिसाव्याची माहिती. त्र्याऐंशीच्या फोटोला अडकून चौऱ्याऐंशीचा फोटो पानाच्या मधोमध येऊन बसला होता.

रुची मॅडम त्या दिवशी रजेवर होत्या. क्लासच्या फोनला गोपीनाथजी कुलूप लावून गावाला गेलेले. वाल्मिक सायकल मारत घरी परतला, कारण मॅडमचा नंबर घरच्या डायरीत होता, आणि डायरी घेऊन कोपऱ्यावरच्या रामभाऊंच्या पीसीओत शिरला. रामभाऊही मिलवालेच, साच्यांच्या म्हणजे मागांच्या खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम, होते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण काही शब्द ओळखीचे होते. पेरेंट नातवाच्या शाळेतल्या मीटिंगमुळे, कोलॅप्स टीव्हीवरच्या बातम्यांमुळे.

बूथचं दार नीट लागत नसे. वाल्मिकचा आवाज मिलमधला, साच्यांच्या खडखडाटावर मात करायची सवय असलेला.

"मॅडम, पेरेंट कोलॅप्स झालाय!" तो ओरडला.

रामभाऊंनी पेपर खाली ठेवला.

"हो, पूर्ण. एकदम सपाट पडलाय. नाही हो मॅडम, उभाच राहत नाही." थोडा वेळ ऐकून घेतल्यावर, "चाइल्डमुळेच झालं. माझीच चूक आहे. मीच केलं ते. रात्रंदिवस त्याच्या उशाशी बसून होतो, पण हे माझ्या लक्षात आलं नाही." मग, "फोटो? फोटो बाहेर टांगल्यासारखा दिसतोय. हो, नानांचा. बॉर्डर काळीच ठेवली आहे."

काळ्या चौकटीतला टांगलेला नानांचा फोटो म्हटल्यावर रामभाऊंना आणखी काही ऐकायची गरज उरली नाही. त्यांनी टोपी घातली आणि मागच्या दाराने निघाले.

रुची मॅडमनी फोनवर सगळं समजावून सांगितलं. चौकट म्हणजे पेरेंट, फोटो म्हणजे त्याचं चाइल्ड. चाइल्ड फ्लोट केलं की पेरेंट आपली उंची मोजताना त्याला धरतच नाही, फक्त मजकूर मोजतो. मजकूर एक ओळ, तर चौकट एक ओळ. जुना निळ्या 'ई'वाला ब्राउझर रुंदी दिलेली चौकट आपल्या मनाने ताणून घेत होता, म्हणून इतके दिवस चूक झाकली गेली. "आत्तापुरती सगळ्यांना ठरावीक उंची द्या, काका," त्या म्हणाल्या. "आणि बाहेर येईल ते लपवून टाका. उद्या मी येते, मग बघू."

वाल्मिकला हायसं वाटलं. तो डायरी ठेवायला घराकडे वळला आणि दारात चपलांचा ढीग दिसला. वीस-पंचवीस जोड तरी असतील. आतून इंदिराचं रडणं. त्याला पाहताच गर्दी दोन्हीकडे सरली आणि इंदिरा धावत आली.

"अहो, कुठल्या दवाखान्यात नेलंय?"

"कोणाला?"

"नानांना!"

वाल्मिक उंबऱ्यावरच बसला. सकाळी तर चांगले होते. चहा घेतला होता, साखर कमी आहे म्हणून बोलले होते. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येऊ लागलं. रामभाऊंनी त्याला मिठी मारली. "धीर धर, वाल्मिक. तू काही कमी केलं नाहीस. तूच रात्रंदिवस उशाशी होतास."

"कधी झालं?" वाल्मिकने हुंदका देत विचारलं.

"आम्हाला काय माहीत? तूच तर सांगितलंस."

"मी? मला तर तुम्ही सांगताय."

लोक एकमेकांकडे बघू लागले. भीमाबाई कमरेवर हात ठेवून पुढे आल्या आणि नीट चौकशी करणार एवढ्यात गर्दीच्या मागे नाना येऊन उभे राहिले. ते न्हाव्याकडे गेले होते. रविवारच्या प्रसंगापासून त्यांना दाढीचं फार मनावर आलं होतं. गुळगुळीत हनुवटी, पावडरचा वास, मिशीला जरासा पीळ. आपल्याच दारात एवढी गर्दी बघून त्यांनी टोपी काढली, हात जोडले आणि शेजारच्या माणसाला दबक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

शेजारचा माणूस किंचाळला.

पुढचा पाऊण तास वाल्मिक वस्तीला फ्लोट समजावून सांगत होता. कोणाला काही कळलं नाही. पेरेंट कोसळला तो कॉम्प्युटरमधला आणि नाना शाबूत आहेत, एवढं मात्र कळलं. नानांनी सगळ्यांना बसवून चहा दिला. आपल्याकरता किती माणसं आली ते त्यांनी मोजलं आणि दोन जण का आले नाहीत याची दिवसभर चौकशी केली.

दुपारी वाल्मिकने मॅडमनी सांगितलं तसं केलं. चौकटींना ठरावीक उंची दिली, त्याबाहेर जाईल ते लपवलं. कोल्ह्यातही पान सरळ दिसलं. चार दिवस शांततेत गेले. पाचव्या दिवशी भीमाबाई वादळासारख्या आल्या.

"ज्ञानदीपला सात स्थळं आली आहेत. सात! त्या ज्ञानदीपला!"

"चांगलं आहे ना, काकू."

"काय चांगलं? तो रिकामा फिरतो. वहीत मी काय लिहिलं होतं? वाच."

वाल्मिकने वही वाचली. त्यात लिहिलं होतं: "सरकारी खात्यात लागण्याची शक्यता." मग पान उघडलं. ठरावीक उंचीत चौकट संपत होती ती बरोब्बर "सरकारी खात्यात" या शब्दांवर. शक्यता खाली लपली होती. मुलींच्या पानावर पिंकीचंही तेच. तिने स्पष्ट लिहून दिलं होतं, "स्वयंपाक उत्तम करणारा मुलगा हवा." पानावर उरलं होतं, "स्वयंपाक उत्तम." पिंकी स्वतः क्लासमध्ये येऊन सांगून गेली, "भिया, मला चहासुद्धा धड येत नाही. उद्या कोणी पुरणपोळी मागितली तर तुम्ही येणार आहात का करायला?"

आता वाल्मिक खरोखर खचला. तीन दिवस तो बाराव्या आणि अकराव्या मशिनीच्या मधे खुर्ची ठेवून बसला. उंची वाढवली की थोडी माहिती असलेल्यांच्या चौकटी रिकाम्या हौदासारख्या दिसायच्या. कमी केली की माणसं कापली जायची. प्रत्येक चौकटीच्या शेवटी एक रिकामा डबा ठेवून त्याला 'क्लिअर' सांगायचं, म्हणजे तो फ्लोटच्या खाली उतरतो आणि चौकटीला ताणून धरतो, असा एक उपाय कागदांत होता. त्याने तो तीस चौकटींना हाताने लावला, एकतिसाव्यात एक कंस चुकला आणि अख्खं पान उजवीकडे पळालं. मॅडम म्हणाल्या, "काका, टेबल घ्या ना आता तरी." मिलच्या फाटकावरचा कागद वाचून त्या सकाळी तो जसा नुसता उभा राहिला होता, तसाच आता पडद्यासमोर उभा राहिला.

चौथ्या दिवशी दुपारी त्याने ठरवलं, सगळं पुसायचं आणि पहिल्यापासून करायचं. रिकाम्या डब्यांच्या ओळी उडवल्या. मग उंचीची ओळ पुसली. पुढची ओळ, बाहेर जाईल ते लपवा सांगणारी, पुसणार तेवढ्यात इंदिराने पाठवलेला डबा घेऊन रामभाऊ आले. वाल्मिकने उठता उठता सवयीने पान ताजं केलं आणि डबा घ्यायला बाहेर गेला. परत आला तर कोल्ह्यात सगळ्या चौकटी बरोबर उभ्या होत्या. नाना आत. पंचशील आपल्या जागी. लांब माहितीवाल्यांच्या चौकटी लांब, थोड्या माहितीवाल्यांच्या फोटोएवढ्या. ज्ञानदीपची शक्यता परत आली होती.

त्याने डोळे पुसले. निळ्या 'ई'त पाहिलं, ठीक. पुन्हा कोल्ह्यात, ठीक. त्याला विश्वास बसेना, म्हणून उंचीची ओळ परत टाकली, माणसं कापली गेली. काढली, नीट. परत टाकली, परत काढली. असं दहा वेळा.

"मॅडम," त्याने हाक मारली, "मी काही केलं नाही. उंची काढली फक्त."

रुची मॅडमनी वाकून बघितलं. त्यांनी एक ओळ काढली, घातली आणि खुर्ची ओढून बसल्या. "म्हणजे बाहेरचं लपवायला सांगितलं की पेरेंटला आधी स्वतःचं आत-बाहेर ठरवावं लागतं," त्या सावकाश बोलल्या. "मग त्याला फ्लोट झालेलं चाइल्डही मोजावं लागतं. उंची आपण दिली नाही तर तो स्वतःच पुरेशी घेतो. काका, औषध आपण पहिल्या दिवशीच दिलं होतं. वरून उंचीची पट्टी आवळली, तेवढंच चुकलं." आठवड्याने त्यांना इंटरनेटवर एका परदेशी माणसाचा लेख सापडला, त्यात हेच लिहिलं होतं. त्यांनी तो छापून आणला आणि भिंतीवर चिकटवला. खाली पेनाने लिहिलं, "मल्हारगंजात आधीच माहीत होतं."

वाल्मिक त्या संध्याकाळी घरी गेला तो काहीतरी सांगायला उतावीळ. इंदिरा भाकऱ्या करत होती. त्याने सगळं सांगितलं, पेरेंट, चाइल्ड, उंची. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"मग आता झालं का नीट?"

"झालं."

"तुम्हीच केलंत?"

वाल्मिकने जरा विचार केला. "हो," तो म्हणाला. "मीच."

"मग हात धुवा," ती म्हणाली, पण तव्यावरून उतरलेली पहिली गरम भाकरी तिने नानांच्या आधी त्याला वाढली. हे नानांच्याही लक्षात आलं.

मे संपता संपता भीमाबाईंना खंडव्याहून परत फोन आला. या वेळी आत्या नव्हती, धम्मदीना स्वतः होती. "एक नंबरच्या उमेदवाराने अजून फोटो दिलेला नाही," ती म्हणाली. "मंडळाचा नियम आहे ना?" भीमाबाईंनी दुसऱ्याच दिवशी पंचशीलला फोटोवाल्याकडे पिटाळलं. त्याने चष्मा काढून एक आणि घालून एक असे दोन काढले. वाल्मिकने चष्म्याचा लावला. दिवाळीनंतर त्यांचं लग्न झालं. आत्या आली, पण जेवणाच्या पंगतीत नानांच्या शेजारी जागा मिळाली म्हणून तिने पंगत बदलली.

नमुन्याच्या चौकटीतला फोटो बदलावा, असं मंडळाच्या बैठकीत ठरलं. वाल्मिकने गोगल नसलेल्या, एकट्या, हसऱ्या मुलाचा फोटो शोधून लावला. नानांनी तो बघितला, नापसंत केला आणि महिनाभर मुलाशी कामापुरतंच बोलले.

त्या लग्नाच्या आधीच, जूनमध्ये, रुची मॅडमना पुण्यात नोकरी लागली. जायच्या आधी त्या गोपीनाथजींकडे गेल्या आणि आपली संध्याकाळची बॅच काकांना द्या म्हणाल्या. गोपीनाथजींनी बराच वेळ कपाळ चोळलं. "शिकवायला येईल याला? हा मिलवाला आहे, बेटा."

"सर, माझ्या बॅचला फ्लोट कोणी शिकवला असं वाटतं तुम्हाला?"

जुलैच्या पहिल्या सोमवारी वाल्मिक इस्त्रीचा शर्ट घालून फळ्यासमोर उभा राहिला. चौदा मुलंमुली, दोघी जणी बडा गणपतीहून चालत आलेल्या, एक जण मिलमधल्या त्याच्या जुन्या सोबत्याचा पुतण्या. त्याने खडूने एक चौकट काढली, आत एक लहान चौकट काढली, आणि घसा खाकरला.

"हा पेरेंट," तो म्हणाला.

मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "सर, जोडे कुठे ठेवायचे? बाहेर जागा नाही."

"आत आणा," वाल्मिक म्हणाला. "कोपऱ्यात ठेवा. काही होत नाही." आणि तो परत फळ्याकडे वळला.